गटाच्या पैशातून जुनी लेन्स

नांदूर मध्यमेश्वरला थंडीत पाहुणे पक्षी येतात, पण साध्या लेन्समध्ये चक्रवाक ठिपक्याएवढा दिसतो. तसली कार्डं कोण विकत घेणार? नवी ऑटोफोकस लेन्स घ्यायची तर कर्जवाटपाला पैसे उरले नसते. म्हणून आम्ही हाताने फोकस करायची जुनी लेन्स शोधली.

५०० मिलिमीटरची आरशाची लेन्स स्वस्त नि हलकी मिळत होती. पण तिचं छिद्र कायम एफ ८, सकाळच्या धुक्यात उजेड पुरत नाही. आम्ही ३०० मिलिमीटर, एफ ५.६ घेतली, तिच्यात दुप्पट उजेड येतो. आमच्या छोट्या सेन्सरच्या मिररलेसवर ती ४५० सारखं काम देते. अ‍ॅडाप्टर लागतोच, त्याचे पैसे आधीच धरा.

घेताना बॅटरी लावून काचेतून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. फुकट दिली तरी नको. थोडी धूळ चालते. फोकसची रिंग अडखळते का, तेही बघा.

उडता पक्षी हिच्यात क्वचितच सापडतो, हे खरं. बसलेला सापडतो. स्टँड नसेल तर तांदळाची पिशवी कठड्यावर ठेवून लेन्स टेकवा, आणि शटर १/५०० च्या खाली नेऊ नका.