माशी आणि मालमोटार



 समोर बसलेल्या पशुवैद्यकांपैकी अनेकांनी २०२२चा पोळा परक्यांच्या गोठ्यात, हातात सिरिंज घेऊन काढला. लम्पी म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायला नको.

४ ऑगस्ट २०२२ रोजी रावेर तालुक्यातल्या चिनावलमध्ये त्या साथीची राज्यातली पहिली नोंद झाली. गुरांचे बाजार बंद पडले, पोळ्याच्या मिरवणुका थांबल्या आणि शेळ्यांच्या देवीची लस गायी-बैलांना टोचत आपण वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. राज्यातला गोवंश सुमारे १ कोटी ४० लाख. काम डोंगराएवढे होते आणि ते तुम्ही केलेत. पण त्या धामधुमीत एका जिवाकडे आपण नीट पाहिलेच नाही. तो जीव म्हणजे कीटक.

संध्याकाळी गोठ्यात बैल सारखे पाय का आपटतात, ते वाकून बघा. पुढच्या पायांवर घरमाशीसारखीच एक माशी बसलेली असते. फरक इतकाच, की तिची टोकदार सोंड पुढे आलेली असते. ही गोठमाशी. तिचा चावा झोंबतो, बैल पाय झटकतो, माशी अर्ध्या जेवणावरून उठते आणि उरलेले रक्त प्यायला शेजारच्या गायीवर बसते. सोंडेला लागलेला लम्पीचा विषाणू तिच्याबरोबर जातो. तो तिच्या पोटात वाढत नाही. ती फक्त दूषित सुई. डास आणि गोचिडांचाही यात हात आहे. ही माशी वाढते कुठे? गव्हाणीखाली सांडलेल्या, शेण-मूत्राने भिजून कुजलेल्या वैरणीत.

निळ्या जिभेच्या रोगाची तऱ्हा वेगळी. त्याचा विषाणू चिलटाच्या शरीरात वाढतो, लाळेत उतरतो आणि मगच ते चिलट मेंढीला रोग देऊ शकते. उष्मा वाढला की ही वाढ लवकर उरकते. ऑगस्ट २००६मध्ये नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीच्या सीमाभागात हा रोग अचानक प्रकटला, त्याआधीचा जुलै तिथे विलक्षण तापला होता. आफ्रिकेतून सरकत आलेले चिलट तिथवर पोहोचलेच नव्हते. तिथल्याच चिलटांनी परका विषाणू उचलला. आपल्या राज्यात या रोगाची नोंद १९६४ची आहे. धनगरांच्या मेंढ्यांना तो नवा नाही.

हा फरक मी मुद्दाम सांगतो आहे. हल्ली कुठल्याही परिसंवादात हवामान बदलाचे नाव घेतले की पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात. निळ्या जिभेपुरते ते नाव रास्त आहे. लम्पीचा प्रवास मात्र बघा : १९२९ साली आजच्या झांबियात पहिल्यांदा दिसला, कित्येक दशके सहाराच्या दक्षिणेलाच राहिला; मग १९८८ला इजिप्त, पुढच्या वर्षी इस्रायल, २०१३ला तुर्कस्तान, २०१५ला ग्रीस आणि २०१९ला बांगलादेश व आपला ओडिशा. एवढा पल्ला माशीच्या एकटीच्या पंखांचा नाही. माशी गोठ्यातून गोठ्यात नेते. जिल्ह्यातून जिल्ह्यात नेते ती रात्री बाजारातून सुटलेली, दाटीवाटीने गुरे भरलेली मालमोटार. माझ्या मते लम्पीच्या बाबतीत हवामानापेक्षा तीच मोठी गुन्हेगार आहे.

लसीबद्दल वाद नाही. बाल्कन देशांनी सरसकट लसीकरणानेच ही साथ आटोक्यात आणली. क्रोएशियाने तर २०१६मध्ये एकही जनावर आजारी नसताना लस टोचली आणि त्या साथीत रोग आत येऊ दिला नाही. आपण मात्र गाठी दिसल्या की लसीच्या कुप्या मागवतो. कीटकांमुळेच पसरणाऱ्या तिवा या तापाने लंगडणारे जनावर तीन दिवसांत उभे राहते म्हणून त्याची तर नोंदही धड करत नाही. खरे तर कीटक वाढल्याची ती आयती वर्दी असते.

म्हणून या परिषदेला माझी विनंती आहे. दुपारच्या खुल्या सत्रात तीन मागण्यांचा ठराव मांडावा : तालुका दवाखान्यांत चिलटे-डास पकडणारा प्रकाश सापळा असावा आणि त्यातली मोजणी दरमहा जिल्ह्याला जावी, पशुवैद्यक पदवीच्या विद्यार्थ्याने गोठमाशी, चिलट आणि गोचीड स्वतः ओळखून दाखवल्याशिवाय त्याला प्रात्यक्षिकात उत्तीर्ण करू नये, आणि लसीकरण पावसाळ्यापूर्वी पुरे व्हावे. ठरावाला सूचक म्हणून माझे नाव लिहून घ्या. अनुमोदक तुमच्यातून हवा आहे.