शोभेचे तळे आणि आपले आवार
(वार्षिक सभेतील भाषण)



आवारात शोभेचे तळे बांधून देण्याच्या प्रस्तावामागील सद्भावना आदरणीय आहे. तथापि नरखेड तालुक्याने पाण्याची दोन्ही रूपे पाहिली आहेत. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या महापुराने मोवाडमधील दोनशेहून अधिक जीव नेले. उन्हाळ्यात मात्र संत्र्याच्या बागा जगविताना विहिरी तळ गाठतात.

आपली काळी जमीन भिजली की फुगते व पाणी मुरू देत नाही. भर पावसात तुडुंब तळे नवे पाणी सामावू शकणार नाही. ते उताराने वॉर्डांकडे येईल आणि गटाराचे पाणी त्यात मिसळेल. साचलेल्या स्वच्छ पाण्यात हिवतापाचा, तर घाण पाण्यात हत्तीरोगाचा डास वाढतो; अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. गप्पी मासे अळ्या खातात, परंतु पाणी शुद्ध राखण्यास क्लोरीन वापरल्यास तेच दगावतात.

यास्तव छतावरचे पाणी गाळून, शौचकूपापासून दूर, मुरुमापर्यंत खोल नेलेल्या शोषखड्ड्यातून विहिरीलगत मुरवावे. शंभर चौरस मीटर छतावर दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे एक हजार लिटर पाणी. दात्यांचे नाव त्या विहिरीच्या कठड्यावर कोरावे, ही नम्र विनंती.