नव्या लीगचा पहिला अंतिम सामना

अल्टिमेट खो-खो ही खो-खोमधील फ्रँचायझी पद्धतीची व्यावसायिक लीग. तिचा पहिला हंगाम 2022च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुण्यातील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाला. सहाही संघ त्याच वर्षी उभे राहिले होते. म्हणजे अंतिम फेरीत कोणीही पोहोचले असते, तरी गाठ नवख्यांचीच पडणार होती. ती पडली ओडिशा जगरनॉट्स आणि तेलुगू योद्धाज यांच्यात, 4 सप्टेंबरला.

या लीगमध्ये गुण मोजण्याची रीत वेगळी आहे. साध्या स्पर्शाने गडी बाद झाला तर दोन गुण. झेप घेऊन किंवा खांबावरून सूर मारून टिपला, तर तीन. या एका जादा गुणाचे मोल अंतिम सामन्यात कळले. अखेरच्या क्षणी ओडिशा 43-45 असा मागे होता. अवघे 14 सेकंद उरले असताना सूरज लांडेने अंग झोकून दिले आणि अवधूत पाटीलला टिपले. नुसता स्पर्श झाला असता, तर बरोबरीच झाली असती. त्या सुराने ओडिशा 46-45 असा जिंकला. संघ ओडिशा आणि तेलुगूंच्या नावाचे, पण विजयाचा तो क्षण दोन मराठी गड्यांमधला होता.