पैनगंगेकाठची पद्मिनी

अलीकडच्या काळात युरोपातील मोटार-कारखानदारांना जुन्या रूपाचा मोठा मोह पडलेला दिसतो. फोक्सवॅगन कंपनीने १९९७ साली आपल्या जुन्या ‘बीटल’चा चेहरा एका नव्या गाडीवर चढविला. २००१ साली ‘मिनी’ त्याच वाटेने आली. आणि २००७ च्या जुलै महिन्यात तुरीन शहरी फियाट कंपनीने आपल्या १९५७ सालच्या चिमुकल्या ‘पाचशे’ गाडीचा पन्नासावा वाढदिवस, हुबेहूब तशीच दिसणारी नवी गाडी बाजारात आणून साजरा केला. वाटोळे दिवे, फुगीर गाल, अंगावर चकाकणारी पट्टी असा सगळा थाट जुना. आतील यंत्रसामग्री मात्र अगदी आजची. चेहरा आजोबांचा आणि हाडे नातवाची, असा हा प्रकार आहे.

आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या दक्षिण तीरावर मात्र एखाद्या जुन्या वाड्याच्या अंगणात अशी गाडी उभी आढळते, की जिचा चेहराही आजोबांचा आणि हाडेही आजोबांचीच. ही गाडीदेखील मूळची फियाटच्याच घराण्यातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने ती बनू लागली. पुढे सत्तरीच्या दशकात फियाटचे नाव गळाले आणि चितोडच्या राणीचे नाव घेऊन ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव बदलले, रूप फारसे बदलले नाही. चार मीटरांहून किंचित कमी लांबी, १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे एंजिन, चार दरवाजे आणि मागच्या बाजूस किंचित उचललेले दोन पंख, अशी ही आटोपशीर मूर्ती गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत कारखान्यातून बाहेर पडत राहिली. एके काळी तिच्यासाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे ज्या घरी ती आली तेथे ती विकत घेतलेली वस्तू न राहता लाभलेली वस्तू ठरली.

कापसाचे अडतदार, वकील, डॉक्टर, बागायतदार अशा घरांतून ती आदिलाबादकडे आली. ह्या भागाचा इतिहासच असा, की मोटारीला येथे चैनीपेक्षा गरजेचे काम अधिक पडावे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद, बेला, जैनद येथील मराठी घरे तेलुगू राज्यात राहिली. सोयरिकी मात्र कोणत्याही सीमेने अडविल्या नाहीत. लेक किनवटला दिलेली, मामा पांढरकवड्याला, कुलदैवत माहूरला, आणि कोर्टकचेरी हैदराबादेस! अशा माणसाला मोटार हवी, ती पूल ओलांडून पलीकडे जाणारी आणि रात्री परत येणारी. पुढच्या सीटवर तीन आणि मागे मुलाबाळांसकट पाच माणसे घेऊन, डिकीत रुखवताची भांडी भरून, ह्या गाडीने किती वऱ्हाडे पोचविली याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

तिच्या मालकाचा दिवस कसा सुरू होतो ते ऐकण्यासारखे आहे. आदिलाबाद हे तेलंगणातील सर्वांत गार जिल्ह्यांपैकी एक. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कित्येकदा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळी आजची गाडी किल्ली फिरविताच सुरू होते. पद्मिनीचे तसे नाही. आधी चोक ओढावयाचा, मग पायाखाली पेट्रोल किती द्यावे ह्याचा अंदाज घ्यावयाचा. कमी दिले तर ती खोकते, जास्त दिले तर प्लग ओले होऊन मुकी बसते. हा अंदाज प्रत्येक गाडीचा निराळा. म्हणून घरातील एकच माणूस ती सुरू करू शकतो, आणि तो परगावी गेला की गाडी अंगणातच राहते. सुनेने किंवा नातवाने ती पहिल्या झटक्यात सुरू केली, तर त्या घरात त्याची बातमी होते. अगदीच हट्टाला पेटली, तर दोन पोरांचा धक्का पुरतो. आणि हा धक्का देण्यास गल्लीतील पोरे नेहमीच उत्सुक असतात.

मग गिअर. तो हाताशी खाली नसून स्टिअरिंगच्या दांड्यालाच बसविलेला. नव्या पिढीचा चालक येथे प्रथम गोंधळतो. खालची बुशे झिजली की दोन गिअरांच्या मध्ये दांडा अडकून बसतो; कधी भर चौकात, पाठीमागे सरकीच्या पोत्यांचा ट्रक भोंगा वाजवीत असताना. मालक शांतपणे खाली उतरतो, बॉनेट उघडतो, आतील दांडी हाताने हलवून सोडवितो आणि पुन्हा चाकाशी येऊन बसतो. ह्या सर्व विधीस अर्धा मिनिट लागतो. पाहणाऱ्यास ती फजिती वाटते. मालकाच्या लेखी ती नाक शिंकरण्याइतकी साधी गोष्ट होय.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांशी खेळतो. ह्या गाडीचा पेट्रोलचा पंप एंजिनालाच चिकटलेला असल्यामुळे त्याच्या तापाने पंपातच पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ढकलू लागतो, कार्बोरेटरकडे थेंबही जात नाही, आणि नागपूर रस्त्यावर भर दुपारी गाडी उभी राहते. त्यावरचा उपाय सर्वांस ठाऊक आहे. पंपावर ओले फडके टाकावयाचे, दहा मिनिटे पळसाच्या सावलीत बसावयाचे, फडके पुन्हा भिजवावयाचे. म्हणून ह्या गाडीत पिण्याच्या पाण्याखेरीज आणखी एक पाण्याची बाटली असते, आणि तिला पिण्यासाठी कोणी हात लावीत नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात उडणारे तंतू रेडिएटरच्या जाळीवर बसतात. ते झाडले नाहीत, तर हिवाळ्यातही पाणी उकळते.

पावसाळ्यात काळ्या मातीचा रस्ता आणि ओढा, ज्यास तेलुगू शेजारी ‘वागू’ म्हणतो, हे दोन परीक्षक असतात. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रमब्रेक असल्यामुळे पाण्यातून बाहेर पडल्यावर ते काही काळ धरीतच नाहीत. जाणता चालक ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडे अंतर गाडी रेटतो, म्हणजे ते तापून सुकतात. ज्यास हे ठाऊक नाही त्याने पुढच्या वळणावर काय करावे?

येथे मालकांच्या कौतुकास आवर घालणे प्राप्त आहे. निर्मळकडील महबूब घाटाच्या वळणांवरून भरलेल्या गाडीने उतरताना तेच ब्रेक तापून ढिले पडतात. मुरलेले लोक म्हणून दुसऱ्या गिअरवर उतरतात. परंतु समोरून येणारी आजची वेगवान गाडी आणि ही पन्नास वर्षांपूर्वीच्या बेताची गाडी यांची टक्कर झाली, तर जाड पत्र्याच्या भरवशावर बसलेल्यांचा भरवसा खोटा ठरेल. हवेच्या उशा तीत नाहीत; छातीवरचे पट्टेही कित्येकींना मागाहून बसविलेले. ‘जुने ते मजबूत’ हे वाक्य जात्याच्या बाबतीत खरे असेल; मोटारीच्या बाबतीत ते जपून उच्चारावे. चौपदरी झालेल्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर ताशी साठ किलोमीटरांनी डाव्या कडेने जाणारी पद्मिनी पाहिली, की तिचा मालक हे जाणून आहे असे समजावे.

इतके असूनही ती का ठेवावयाची? केवळ माया, हे उत्तर अपुरे आहे. बॉनेट उघडले की एंजिनाच्या दोन्ही बाजूंनी खालची जमीन दिसते. हात कोपरापर्यंत आत जातो. पॉइंट घासणे, प्लग साफ करणे, कार्बोरेटरचे जेट फुंकणे ही कामे मालक स्वतः करू शकतो. त्यापुढचे काम गल्लीतील मिस्त्री करतो, आणि त्यास संगणक लागत नाही, कान पुरतो. बिघाड समजतो, हातात धरता येतो आणि दुरुस्त होतो, हा विश्वास ह्या गाडीने तिच्या माणसांस दिला. तुरीनच्या नव्या ‘पाचशे’त जुन्या गाडीचे सर्व काही उतरले, एवढी एक गोष्ट वगळून.

अडचण अशी, की तो मिस्त्री म्हातारा झाला आहे. त्याच्याकडे येणारा पोरगा दुचाकीचे काम शिकतो, कारण पोट त्यावर भरते. सुट्या भागांचेही तेच. मुंबईच्या रस्त्यांवर हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर दुकानदारास माल ठेवणे परवडे. मुंबईत टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा आहे; शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि २०२३ च्या ऑक्टोबर-अखेरीस तिचीही मुदत संपली. त्या टॅक्सींबरोबर भागांची मोठी मागणीही गेली.

पेट्रोलही पालटले. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपावर आले. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपातील पडदा हळूहळू खाते, हवेतील ओल शोषून घेते, आणि लिटरमागे अंतरही कमी करते. गाडी महिनाभर उभी राहिली की जेटमध्ये गाळ साचतो. म्हणून पूर्वी सणासुदीस निघणारी गाडी आता दर आठवड्यास फिरवून आणावी लागते, नळ्या नव्या जातीच्या रबराच्या बसवून घ्याव्या लागतात. हे ज्यांस उमगले नाही त्यांनी दोष गाडीच्या वयास दिला.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र कागदाचा आहे. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. त्यापुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. जिल्ह्यातील जुन्या गाड्यांवर अजून ‘एपी ०१’ हा आंध्र प्रदेशाच्या काळातील क्रमांक दिसतो. २०१४ नंतर ‘टीएस’ आणि २०२४ पासून ‘टीजी’ आला. एप्रिल २०२२ मध्ये नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते दहा हजार झाले. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी शेतकरी मालकास हा आकडा खुपतो. तपासणीत गाडी नापास झाली, तर पुढची वाट भंगाराची.

जुन्या गाड्यांना कायद्याने एक वेगळे दारही उघडून दिले आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी वीस हजार रुपये भरून ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते, आणि ती नोंद दहा वर्षे चालते. सत्तरीच्या दशकातील पहिल्या पद्मिनी आता त्या वयास पोचल्या आहेत. परंतु अशी गाडी नित्याच्या वापरास काढता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, पेट्रोल भरणे, दुरुस्ती इतक्याचसाठी तिने रस्त्यावर यावे, असा नियम आहे. किनवटचे लग्न त्या यादीत नाही. माहूरचे दर्शनही नाही. शिवाय मधल्या काळात कोणी काटकसरीसाठी दुसऱ्या जातीचे एंजिन बसविले असेल, तर मूळ रूपाची अट मोडते आणि ते दारही बंद होते.

तेव्हा ज्यास आपली गाडी पुतळ्यासारखी ठेवावयाची नाही, त्याने पाच वर्षांचीच वाट धरावयाची. तपासणीच्या आदल्या दिवशी मिस्त्रीस घरी बोलावून ब्रेक नीट करून घ्यावयाचे, दिवे पाहावयाचे, आणि दुसऱ्या सकाळी चोक ओढून, ओले फडके व पाण्याची बाटली घेऊन आदिलाबादच्या परिवहन कचेरीच्या रांगेत उभे राहावयाचे.