निगा कोणाची, भार कोणावर?



रक्तदाब आणि मधुमेह हे जन्मभर सांभाळण्याचे आजार आहेत. डॉक्टरांची गाठ महिन्यातून एकदा पडते. उरलेले एकोणतीस दिवस रुग्णाला स्वतःच निभावावे लागतात. म्हणूनच घरच्या घरी साखर व रक्तदाब मोजणारी यंत्रे, गोळ्यांची वेळ सांगणारी मोबाइल अ‍ॅप्स आणि २०१९ साली सुरू झालेली 'ई-संजीवनी' यांचे स्वागतच केले पाहिजे. भूम-परांड्याच्या वृद्धाची शहराकडची एक खेप त्यामुळे वाचत असेल, तर त्यात वावगे काहीच नाही.

प्रश्न आहे तो ही साधने कोणाच्या हाती आहेत, हा. २०११ च्या जनगणनेनुसार धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात शंभरांतील ८३ माणसे खेड्यांत राहत होती. कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतून दरसाल ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि त्यांचे आजार. घरात स्मार्टफोन असलाच तर तो मुलाबरोबर फडावर जातो आणि आरोग्यखात्याचा ओटीपीही तिकडेच जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी इंटरनेट कधीतरी वापरलेल्या देशभरात शंभरांत ३३ होत्या. सत्तरीच्या आजीला तर हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

शिवाय यंत्र एकदा विकत घेऊन भागत नाही. साखर तपासण्याची पट्टी दर वेळी नवी लागते. श्रावणबाळ योजनेचे अनुदान २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाले. तेवढ्यात किराणा भरावा की पट्ट्या घ्याव्यात? 'स्वतःची निगा स्वतः राखा' हा उपदेश सार्वजनिक खर्चाची जागा घेऊ लागला, की शासनाची जबाबदारी अलगद गरिबाच्या खिशावर येऊन पडते.

याला उत्तर याच जिल्ह्यात आहे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतल्या स्त्रियांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. यंत्राच्या जोडीला असे विश्वासाचे माणूस हवे. तेव्हा प्रत्येक गावात आशाताईंच्या हाती रक्तदाबाचे यंत्र व मोफत पट्ट्या असाव्यात. नोंद मराठीत, कागदावर, रुग्णापाशी राहावी. आणि आशाताईंना 'स्वयंसेविका' म्हणून मानधनावर न राबवता रीतसर वेतन मिळावे. कार्यकर्त्यांनी या तीन मागण्या ग्रामसभेत ठरावाच्या रूपाने मांडाव्यात. आकडा यंत्र दाखवील. तो वाढला तर धावून येणारी व्यवस्था मात्र झगडूनच उभी करावी लागेल.