चौघांचं गाणं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातले अनुभव’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. समोर पाहते तर निम्मी मंडळी आयटीतलीच आहेत, त्यामुळे तो विषय राहू दे. मी गाण्याबद्दल बोलणार आहे. हसू नका. मी समूहगीतात शेवटच्या रांगेत उभी असायचे. बाई म्हणायच्या, उंचीमुळे. खरं कारण बाईंना माहीत होतं आणि मलाही.

अमेरिकेत ‘बार्बरशॉप’ नावाचा गाण्याचा एक प्रकार आहे, शब्दशः न्हाव्याच्या दुकानातलं गाणं. चार माणसं, एकही वाद्य नाही. मधला ‘लीड’ मूळ चाल गातो. त्याच्या वर ‘टेनर’ हलक्या आवाजात, सगळ्यात खाली खर्जात ‘बास’. आणि चौथा ‘बॅरिटोन’. या तिघांनी गायल्यावर जो सूर उरतो, तो याच्या वाट्याला येतो. त्यासाठी कधी लीडच्या वर, कधी खाली त्याला उड्या माराव्या लागतात. त्याची ओळ एकट्यानं म्हटली तर ती चालच वाटत नाही. तो थांबला की मात्र गाणं पोकळ होतं.

मी इंजिनिअर, म्हणून आकडे सांगते. बासचा सूर सेकंदाला १०० कंपनांचा धरला, तर बाकीचे तिघे १२५, १५० आणि १७५ वर यावे लागतात. म्हणजे सा, गांधार, पंचम आणि जरा उतरलेला कोमल निषाद. पेटीवर हे जमत नाही. तिचा गांधार १२६ च्या जवळ जातो आणि निषाद १७८ वर. गळ्यानं मात्र जमतं, शेजारच्याचं नीट ऐकलं तर. मग चौघांच्या सुरांतले उपस्वर एकमेकांवर बसतात आणि कोणीच गात नसलेला पाचवा आवाज खोलीत ऐकू येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून गांधार ऐकू येतो ना, त्याच जातीची ही गंमत. गाणारे याला ‘रिंग’ म्हणतात.

या गाण्याची संघटना १९३८ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात निघाली आणि पुढच्याच वर्षी स्पर्धा सुरू झाली. सत्तरहून अधिक वर्षं पुरुषांची ही अजिंक्यपदं उत्तर अमेरिकेबाहेर गेली नाहीत. २०१२ मध्ये पोर्टलंडला ती साखळी तोडली स्वीडनच्या ‘रिंगमास्टर्स’नी. टेनर याकोब स्टेनबेर्ग, लीड रासमुस क्रिगस्ट्रम, बॅरिटोन एमानुएल रोल, बास मार्टिन वालग्रेन. हे चौघे स्टॉकहोमच्या संगीत विद्यालयातले, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची मुलं जिथं शिकतात तिथले. शाळेच्या गायकवृंदात गाता गाता २००६ मध्ये त्यांनी चौकडी जमवली. २००८ मध्ये महाविद्यालयीन गटात जिंकले आणि त्यानंतर चार वर्षांनी मोठी स्पर्धा. (स्वीडनच्या मुलींनी, ‘ग्रोइंग गर्ल्स’नी, महिलांची वेगळी जागतिक स्पर्धा १९८९ मध्येच जिंकली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण सहसा कोणी सांगत नाही.)

उत्तर अमेरिकेबाहेरचे दुसरे विजेते २०१४ चे, न्यूझीलंडचे ‘म्युझिकल आयलंड बॉइज’. जेफ हंकिन, मार्सेलस वॉशबर्न, विल हंकिन आणि मॅट गिफर्ड. यांची चौकडी वेलिंग्टनजवळच्या टावा कॉलेजात २००२ मध्ये जमली. नाव कॉलेज असलं तरी ते माध्यमिक विद्यालय आहे. सुरुवातीपासून अजिंक्यपदापर्यंत बारा वर्षं.

आता कोणी म्हणेल, स्टॉकहोमची ती शाळा गळा पारखून प्रवेश देते, आपल्याशी तुलना कशाला? बरोबर आहे. म्हणूनच मला टावाचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. ती साधी सरकारी शाळा आहे.

सगळे विजेते शाळासोबती असतात असंही नाही. २००९ चे विजेते ‘क्रॉसरोड्स’ ही मुरलेल्या गायकांची चौकडी. त्यातला लीड माइक स्लामका २००३ मध्ये भावांबरोबर ‘पॉवर प्ले’ या चौकडीतून जिंकलेला. बास जिम हेन्री १९९३ मध्ये ‘गॅस हाउस गँग’मधून जिंकलेला, पेशानं संगीताचा प्राध्यापक. त्याच्या पीएचडीचा विषयच असा, की या गाण्याची मुळं आफ्रिकन-अमेरिकन समाजात आहेत. हे महत्त्वाचं आहे, कारण त्या संघटनेनं कृष्णवर्णीयांनाच अनेक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. १९४१ मध्ये न्यूयॉर्कची स्पर्धा जिंकलेल्या ‘ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स’ या चौकडीला राष्ट्रीय स्पर्धेत उभं राहू दिलं नाही. बंदी उठली १९६३ मध्ये. स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळायला तर २०१८ उजाडलं. एकमेकांचा आवाज ऐकण्यावर उभ्या असलेल्या कलेत हे व्हावं, याचा मला आजही राग येतो.

पण आपल्याकडे येते. दुपारी तीन वाजता बॅचच्या देणगीची बैठक आहे. दोन प्रस्ताव आहेत: संगणक कक्षासाठी नवी यंत्रं, किंवा संगीत शिक्षकाचं तीन वर्षांचं मानधन. बाई निवृत्त झाल्यापासून ती जागा रिकामी आहे आणि संगीताचा तास आता ‘जादा गणित’ या नावानं लागतो, हे तुम्ही सकाळी फळ्यावरच्या वेळापत्रकात पाहिलंत. माझं मत संगणकाला जाणार असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. तसं नाही.

आपल्या वेळी ज्याचा गळा चांगला, तो माइकसमोर. बाकी पन्नास जण त्याच्या मागे तीच चाल म्हणत. माझ्यासारख्यांना नुसते ओठ हलवले तरी चालून जायचं. प्रत्येकाला वेगळी ओळ दिली तर लपायला जागा राहत नाही आणि लपण्याची गरजही राहत नाही. ज्या मुलीला वरची पट्टी झेपत नाही, तिला खालची ओळ असते. ते शिकवायला मात्र माणूस लागतो. आठवड्याला दोन तास वर्गात उभा राहून ‘तू जरा उतरलीस, शेजारचीचं ऐक’ असं सांगणारा. हे व्हिडिओवरून होत नाही. व्हिडिओ मुलाला ऐकवतो, मुलाचं ऐकत नाही.

संगणक नकोत असं मी म्हणत नाही. कंपन्या जुने संगणक शाळांना देतात. माझ्या ऑफिसात विचारायची जबाबदारी मी आजच घेते. गाणं शिकवणारा माणूस मात्र कोणी जुना झाला म्हणून देणगीत देत नाही.

आणखी एक अडचण खजिनदारांनी काल फोनवर काढली: तीन वर्षांनंतर काय? रास्त प्रश्न आहे. पुढच्या दोन बॅचच्या प्रतिनिधींशी मी बोलले आहे, ते आज इथं आहेत. बैठक दहावी ‘अ’च्या वर्गात आहे. पंखा एकच चालतो, तेव्हा लवकर येऊन जागा धरा.