तरुणांचा उद्योग कोठे अडतो?

(नाशिक येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी तरुणास धंद्याची हौस नाही, हे वाक्य मी चाळीस वर्षे वर्गात आणि वर्गाबाहेर ऐकत आलो. ते खरे नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लेथवर उभ्या असलेल्या मुलांना विचारा. स्वतःचा गाळा घ्यावा, दोन यंत्रे टाकावीत, हे अनेकांच्या मनात असते. अडते ते इच्छा आणि कृती यांमधील काळापाशी. हा काळ सोसणार कोण?

ज्याच्या पाठीशी काही आहे, तो सोसतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी 1910 साली त्यांना जागा व कर्ज दिले. गंगापूर धरणाजवळ राजीव सामंतांनी द्राक्षमद्याचा उद्योग उभारला, तोही कुटुंबाच्या जमिनीवर. यात दोघांच्याही कर्तृत्वास उणेपणा नाही.

आता माझ्या एका विद्यार्थ्याच्या धाकट्या भावाचे पाहा. आयटीआय झालेला, दहा वर्षे कंत्राटी कामगार. 10 लाखांपर्यंतच्या कर्जास लघुउद्योगांकडून तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 2010 साली निघाला. शाखेत मात्र त्यास वडिलांचा सातबारा विचारला गेला, आणि त्यावर पीककर्जाचा बोजा! हेलपाट्यांत आठ महिने गेले; तोवर बहिणीचे लग्न ठरले आणि स्वतःच्या हिश्श्यासाठी साठविलेली रक्कम त्यात गेली. नातेवाईक म्हणतात, पोरात धमकच नव्हती. 2015 च्या मुद्रा योजनेतील ‘शिशु’ कर्ज त्यास सुचविले गेले होते. त्याची मर्यादा 50 हजार. त्यात शिलाईयंत्र येते, चांगला लेथ येत नाही.

जे सुरू करतात, त्यांचे पैसे मोठ्या कारखान्यांकडे अडकतात. 2006 च्या कायद्याने लघुउद्योगाचे बिल फार तर 45 दिवसांत चुकते व्हावे, अन्यथा बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. परंतु उद्याचे काम देणाऱ्याविरुद्ध आज तक्रार कोण करील?

दिंडोरी तालुक्यात मोहाडीस विलास शिंदे यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी ‘सह्याद्री’ ही स्वतःची कंपनी उभी केली. एकट्या द्राक्षबागायतदारास शीतगृह बांधणे अशक्यच होते. यंत्रकाम करणाऱ्या मुलांस असे एकत्र येता येईल काय? येईल असे मला वाटते, पण ते अवघड आहे. द्राक्षे सर्वांची सारखी असतात, कामे नसतात.

तोवर एक करा. पुढील बैठकीस प्रत्येकाने आपल्या वस्तीतील एका मुलाची अडलेली फाईल आणावी. रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक मी आणीन, आणि शाखेतही बरोबर येईन.